मळखेड : सीमेवर बसलेली राजधानी

बीदर आणि कलबुर्गी हे दोन जिल्हे मिळून जेवढा पट्टा होतो, त्यात सहा-साडेसहा शतकांत चार राजधान्या झाल्या. नवव्या शतकात राष्ट्रकूटांचे मान्यखेट, अकराव्यात चालुक्यांचे कल्याणी, १३४७ मध्ये बहमनींचे गुलबर्गा (आजचे कलबुर्गी) आणि पुढच्या शंभर वर्षांच्या आत त्याच घराण्याचे बीदर. यांतली तीन ठिकाणे आजही आपला आब राखून आहेत. गुलबर्गा आणि बीदर जिल्ह्याची ठिकाणे झाली. कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, तालुक्याचे ठिकाण आहे आणि बसवेश्वरांमुळे त्याचे नाव सर्वतोमुखी आहे. चौथ्याचे मात्र पार खेडे झाले. मान्यखेट म्हणजे आजचे मळखेड. कलबुर्गी जिल्ह्यात, सेडम तालुक्यात, कागिणा नदीच्या काठी. जिथून एकेकाळी नर्मदेपासून पार तमिळ मुलखापर्यंतचा कारभार हलत होता, ते गाव आज तालुक्याचेही ठिकाण नाही.

असे का झाले, याचे ठरलेले उत्तर इतिहासाच्या पुस्तकात सापडते : परमार सीयकाने लुटले आणि संपले. हे उत्तर मला अपुरे वाटते. लुटलेली गावे पुन्हा वसतात. गुलबर्ग्याची राजधानी गेली तरी गुलबर्गा राहिलेच. मळखेडचे भाग्य आणि दुर्भाग्य दोन्ही समजून घ्यायचे तर आधी त्याची जमीन पाहावी लागते, मग सनावळी.

सोलापूरहून रेल्वेने खाली निघाले की कलबुर्गीपर्यंत ओळखीचाच मुलूख दिसतो. काळी माती, तिच्याखाली काळा कातळ. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर साचून हा दख्खनचा कातळ झाला. सह्याद्रीपासून इथवर तो सलग आहे. कलबुर्गी सोडून शहाबाद-वाडीकडे निघाले की तो विरतो आणि खालचा चुनखडीचा दगड वर येतो. तो कातळापेक्षा कितीतरी जुना, कुठल्याशा उथळ समुद्राच्या तळाशी थरावर थर बसून तयार झालेला. आणखी दक्षिणेला, यादगीरच्या बाजूला, ग्रॅनाइटच्या टेकड्या सुरू होतात. उत्तरेला बीदरच्या माळावर तांबडा जांभा. एवढ्याशा टापूत चार जातींचे दगड. मळखेड यांतल्या चुनखडीवर बसले आहे, काळ्या कातळाच्या सीमेला लागून.

हा चुनखडीचा दगड मराठी वाचकाला परका नाही. महाराष्ट्रातल्या जुन्या वाड्यांच्या पडव्या, शाळांचे व्हरांडे, स्वयंपाकघरातले ओटे, एसटी स्टँडवरची बाके यांत जी निळसर राखाडी शहाबादी फरशी असते, ती याच थरांतली. खाणीत ती फोडताना पाहण्यासारखी असते. दगडाला आपली आडवी रेघ असते; त्या रेघेत छिन्नी बसवून हलके टोले मारत नेले की सबंध पापुद्रा सुटून येतो. वरची बाजू बहुतेक जात्याच सपाट, घासण्याचे काम थोडेच. मळखेडच्या तटाकडे जवळून पाहिले तर तोच दगड, तशाच चपट्या थरांत एकावर एक रचलेला दिसतो. वेरूळला आख्खा डोंगर वरून खाली कोरत नेणारे राष्ट्रकूट इथे आले, तेव्हा त्यांच्या हाती पडला तो पापुद्र्यांनी सुटणारा दगड. कैलास लेणे कोरायला तो कामाचा नाही; रचून बांधायला मात्र सोन्यासारखा. मळखेडला भव्य लेणे का नाही, असे विचारणाऱ्याला अर्धे उत्तर इथेच मिळते.

कागिणा तेलंगणातल्या विकाराबादच्या बाजूने येते, तांडूर, सेडम, मळखेड करत शहाबादजवळ होनगुंट्याला भीमेला मिळते. उन्हाळ्यात तिच्याकडे पाहून कुणी तिला दखलपात्र नदी म्हणणार नाही. पावसाळ्यात ती घरात शिरते. तिच्यापासून फार लांब नाही, भीमेच्या काठी, सन्नती आहे. चंद्रलांबेचे ठाणे म्हणून सन्नती कित्येक मराठी घरांना ठाऊक आहे, कुलदेवता म्हणून तिथे जाणे-येणे असते. त्याच देवळाच्या आवारातल्या काळी मंदिराचे छत १९८६ मध्ये कोसळले आणि मूर्तीखालचा दगड उघडा पडला, तो निघाला अशोकाच्या आज्ञांचा शिलालेख. शेजारच्या कनगनहळ्ळीला पुढे उत्खननात मोठा स्तूप सापडला, आणि राजाच्या शिल्पाशेजारी ‘राया असोको’ असे नाव कोरलेला फलकही. तेव्हा राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाने मान्यखेटाची राजधानी ओसाड रानात वसवली, असे समजायचे कारण नाही. या नद्यांच्या काठी त्याच्या आधी हजार वर्षे माणसांची, व्यापाऱ्यांची, भिक्षूंची वर्दळ होती.

आता प्रश्न असा, की राष्ट्रकूट इथे आले कसे? दंतिदुर्गाने ७५३ च्या सुमारास बदामीच्या चालुक्यांची सत्ता मोडली. त्याची आणि त्याच्या मागून आलेल्या कृष्णाची खूण वेरूळला आहे. गोविंद तिसऱ्याची दानपत्रे मयूरखंडीहून दिलेली आहेत. ही मयूरखंडी कोणती, यावर वाद आहे. नाशिक जिल्ह्यातला मार्कंड्या डोंगर म्हणणारे एक, बीदर जिल्ह्यात बसवकल्याणजवळच्या मोरखंडीकडे बोट दाखवणारे दुसरे. मूळ गावाचाही असाच गुंता. सिरूरच्या ८६६ च्या शिलालेखात अमोघवर्ष स्वतःला लट्टलूरपुराचा स्वामी म्हणवतो. बहुतेक अभ्यासक लट्टलूर म्हणजे आपले लातूर मानतात. लातूरहून बीदर जवळ, बीदरहून कलबुर्गी जवळ. म्हणजे हे घराणे मळखेडला कुठून दूरदेशाहून आले नव्हते. आपल्याच परसातून चार पावले पुढे सरकले होते.

पुढे म्हणजे कुठे, हे महत्त्वाचे. अमोघवर्ष ८१४ मध्ये गादीवर आला तेव्हा लहान होता. चार वर्षांतच बंडाळी माजली आणि गुजरात शाखेच्या कर्काने त्याला पुन्हा गादीवर बसवले. त्याचा खरा काच होता पूर्वेला, वेंगीच्या चालुक्यांचा. गोदावरी-कृष्णेच्या मुखांकडचे हे राज्य कधी अंकित, कधी उलटलेले. वेरूळ किंवा नाशिकच्या डोंगरात बसून वेंगीवर नजर ठेवणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे. कागिणेच्या काठावरून मात्र पूर्वेची वाट सरळ, उघड्या मैदानातून. दक्षिणेला गंगवाडी, उत्तरेला माळवा, दोन्ही अंगावर येणार नाहीत इतपत दूर. मान्यखेट निवडण्यामागे असाच हिशेब असावा असे मला वाटते. देवगिरीसारखा दुर्गम डोंगर इथे नाही, रायगडासारखा कडा नाही. ज्या दिशेने आपण स्वारी करणार, तिच्या तोंडाशी मांडलेले हे ठाणे होते. स्वारी आपली असेपर्यंत अशा जागेसारखी जागा नाही. वारे फिरले की तीच जागा शत्रूच्या तोंडाशी येते.

मान्यखेटाबद्दलचा लेखी पुरावा बहुतेक सारा गावाबाहेरचा आहे, आणि त्यातला पुष्कळसा महाराष्ट्राच्या मातीतून निघालेला. वर्धा जिल्ह्यातल्या देवळीला सापडलेला ९४० चा ताम्रपट आणि कऱ्हाडचा ९५९ चा ताम्रपट, दोन्ही कृष्ण तिसऱ्याचे. देवांच्या नगरीलाही हिणवील अशी मान्यखेट नगरी अमोघवर्षाने उभारली, असे त्यांतून कळते. ताम्रपटातली कविता ही राजाच्या पदरच्या माणसाची. तीतला फुगारा बाजूला ठेवला तरी नगर कुणी वसवले एवढी माहिती पक्की मिळते. सध्या गुजरातच्या वलसाड जिल्ह्यात असलेल्या संजाणला मिळालेला अमोघवर्षाचा ८७१ चा ताम्रपट मान्यखेटाहूनच दिलेला आहे. प्रजेवरचे संकट टळावे म्हणून राजाने डाव्या हाताचे बोट महालक्ष्मीला वाहिल्याची हकिगत त्यात येते. ही महालक्ष्मी कोल्हापूरची, असे सामान्यतः मानतात. जैन आचार्यांचा हा आश्रयदाता महालक्ष्मीला बोट कापून देतो, यात त्या काळच्या कुणाला काही विसंगत वाटले नसावे.

परदेशी साक्षही अशीच कडेकडेने येते. सुलेमान या व्यापाऱ्याच्या नावावरचा अरबी वृत्तांत ८५१ चा. जगातले चार थोर राजे कोणते, तर बगदादचा खलिफा, चीनचा सम्राट, रूमचा बादशहा आणि हिंदचा ‘बल्हारा’. बल्हारा म्हणजे वल्लभराज, राष्ट्रकूटांचे बिरुद. अल-मसूदी ९१६ च्या सुमारास खंबायत आणि सैमूरला येऊन गेला. सैमूर म्हणजे रायगड जिल्ह्यातले चौल. तिथल्या अरब वस्तीत बसून त्याने बल्हाराची राजधानी ‘मानकीर’ ही समुद्रापासून ऐंशी सिंधी फरसख आत असल्याचे टिपून घेतले. त्याने मान्यखेट डोळ्यांनी पाहिले नव्हते. चौलच्या बंदरात जे ऐकू येई ते त्याने लिहिले, आणि तेवढ्यावरून मळखेडचे नाव अरबी भूगोलाच्या पुस्तकांत कायमचे बसले.

राजधानी म्हणजे राजाचे कायमचे बिऱ्हाड, ही आपली समजूत इथे थोडी बाजूला ठेवावी लागते. इंद्र तिसऱ्याचा पट्टबंध, म्हणजे राज्याभिषेक, ९१५ मध्ये झाला तो कुरुंदकाला. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचे आपले कुरुंदवाड ते हेच, असे मानतात. पुढच्याच वर्षाच्या सुमारास हा राजा पार कनोजपर्यंत धडकला. कृष्ण तिसरा ९४९ मध्ये तक्कोलमला चोळांशी लढला. कऱ्हाडचे दान त्याने तमिळ मुलखातल्या मेलपाडीच्या छावणीतून दिले. राजे असे सदा घोड्यावर. मग मान्यखेटात होते कोण? कोठार होते, बसद्या म्हणजे जैन मंदिरे होती, अमात्यांचे वाडे होते, आणि त्या वाड्यांच्या आश्रयाने राहणारे विद्वान होते. अमोघवर्ष ज्याला गुरुस्थानी मानी तो जिनसेन, ‘आदिपुराणा’चा कर्ता. ‘गणितसारसंग्रह’ लिहिणारा महावीराचार्य आपल्या ग्रंथाच्या आरंभी अमोघवर्षाची स्तुती करतो. शाकटायनाने आपल्या व्याकरणावरच्या टीकेला ‘अमोघवृत्ती’ असे राजाचेच नाव दिले. कन्नडमधला उपलब्ध सर्वांत जुना ग्रंथ ‘कविराजमार्ग’ याच दरबारातला. शतकभराने कृष्ण तिसऱ्याच्या काळात पोन्न हा कन्नड कवी.

यांत मराठी वाचकाने मुद्दाम ओळख करून घ्यावी असा एक आहे, पुष्पदंत. काश्यप गोत्री ब्राह्मण, शैव घरातला, नंतर जैन झालेला. ‘अभिमानमेरू’ हे बिरुद मिरवणारा आणि स्वभावही त्याला साजेसाच. आधीच्या कुठल्या तरी दरबारात त्याचे बिनसले आणि थकला-भागला मान्यखेटाच्या बाहेर येऊन टेकला. कृष्ण तिसऱ्याचा मंत्री भरत याने त्याला घरी नेले, ठेवून घेतले आणि लिहिते केले. ९५९ ते ९६५ या काळात त्याने ‘महापुराण’ रचले, अपभ्रंश भाषेत. पुढे भरताचा मुलगा नन्न याच्या आश्रयाने ‘णायकुमारचरिउ’ आणि ‘जसहरचरिउ’. काही अभ्यासक त्याला वऱ्हाडातला मानतात. कन्नड मुलखातल्या राजधानीत, कन्नड बोलणाऱ्या राजाच्या मंत्र्याने, मराठीच्या पूर्वजांपैकी एका भाषेत एवढा ग्रंथ करवून घेतला. त्याची आधुनिक संपादित आवृत्ती डॉ. प. ल. वैद्य यांनी १९३७ ते १९४१ या काळात तीन खंडांत काढली. दख्खनच्या भाषांच्या घडणीत मान्यखेटाचा वाटा किती, हे पाहायचे तर गावातल्या दगडांपेक्षा हे खंड अधिक बोलके आहेत. मराठीच्या अभ्यासक्रमात मात्र त्यांची दखल पुसटच.

९७२ मध्ये घाव बसला. गादीवर खोट्टिग होता. माळव्याचा परमार सीयक नर्मदा ओलांडून खाली आला आणि थेट राजधानीत घुसला. या लुटीचे साल आपल्याला ज्या पुस्तकावरून कळते, ती गोष्टच मोठी मौजेची आहे. धनपाल नावाच्या धारच्या कवीने आपली धाकटी बहीण सुंदरी हिच्यासाठी ‘पाइयलच्छी’ नावाचा एक छोटासा प्राकृत शब्दकोश तयार केला. तो कधी पुरा झाला हे सांगताना त्याने विक्रम संवत १०२९ लिहिले आणि जोडीला माळव्याच्या राजाने मान्यखेट लुटले तेव्हा, अशी खूण दिली. जिंकणाऱ्यांच्या गावी ती ताजी बातमी होती, घरच्या लेकीच्या पुस्तकातही घालण्याजोगी. हरलेल्यांच्या बाजूने पुष्पदंताच्या ग्रंथाच्या हस्तलिखितांत या विध्वंसावरचा विलाप सापडतो. एका लुटीचे दोन साक्षीदार, दोघेही कवी, दोघेही प्राकृत वळणाच्या भाषांत लिहिणारे, आणि दोघेही दोन टोकांना.

लगेच पुढच्या वर्षी तैलप चालुक्याने राष्ट्रकूटांची सत्ता बुडवली. शेवटचा वारस इंद्र चौथा ९८२ मध्ये श्रवणबेळगोळला सल्लेखना घेऊन गेला. पण मान्यखेट तेवढ्याने मेले नाही, आणि रूढ उत्तर अपुरे म्हणतो ते यासाठी. तैलपाने राजधानी तिथेच ठेवली. पुढची साठ-सत्तर वर्षे ती चालुक्यांची राजधानी होती. या काळात वार दक्षिणेकडून, चोळांकडून होऊ लागले. राजेंद्र चोळाच्या प्रशस्तीत ‘मण्णैक्कडक्कम’ घेतल्याचा डंका आहे, आणि ते मान्यखेटच असे पुष्कळ अभ्यासक धरतात. अकराव्या शतकाच्या मध्यास सोमेश्वर पहिल्याने कंटाळून बिऱ्हाड उत्तरेला, कल्याणीला हलवले. माळव्याने आधीच हात दाखवला होता, चोळ वरचेवर येत होते, वेंगीही आता चोळांच्या सोयऱ्यांची. ज्या उघड्या वाटेसाठी अमोघवर्षाने ही जागा निवडली, ती वाट आता दुसऱ्यांच्या पायाखालची झाली होती.

त्यानंतर मळखेड पुन्हा मोठे न होण्याचे कारणही तेच. बहमनी मोडल्यावर हा टापू बीदर, विजापूर आणि गोवळकोंडा यांच्या कुंपणावर आला. कुंपणावरच्या गावात सरकार किल्ला बांधते, बाजारपेठ वाढवत नाही. आज मळखेडला जो तट आणि बुरूज दिसतात, त्यांना गावात सर्रास राष्ट्रकूटांचा किल्ला म्हणतात. जुना दगड त्यात आहेच. पण बुरुजांची ठेवण तोफांच्या काळाची आहे, सुलतानशाहीतली. १६८५ मध्ये औरंगजेबाचा मुलगा शाहआलम गोवळकोंड्यावर निघाला तेव्हा कुतुबशाही फौज त्याला आडवी आली ती मळखेडजवळच. सातशे वर्षांनीही गाव वाटेच्या तोंडाशीच होते. दोन्ही बाजूंच्या घोड्यांनी पीक तुडवायचे आणि सारा कुणाला द्यायचा ते लढाईनंतर कळायचे, असल्या गावात पेठ कशी टिकावी?

टिकले ते धर्माच्या आधाराने. नेमिनाथाची बसदी नवव्या शतकाइतकी जुनी सांगतात. तिच्या जुन्या ओबडधोबड खांबांपेक्षा आत ठेवलेली धातूची एक मंदिराकृती पाहण्यासारखी आहे. माणसाच्या हाताने उचलेल एवढी, वर निमुळती होत गेलेली, आणि चारही अंगांनी ओळीने बसवलेले चिमुकले तीर्थंकर. दिव्याच्या उजेडात जवळ गेल्याशिवाय एकेक आकृती वेगळी दिसत नाही. मळखेडला दिगंबर भट्टारकांचे पीठ होते आणि विदर्भातल्या कारंज्याच्या पीठाची परंपरा त्याच्याशी जोडतात. वाशिम जिल्ह्यातल्या कारंज्याचे ग्रंथभांडार जैन हस्तलिखितांसाठी नावाजलेले. राजधानी गेल्यावर विद्या कोणत्या वाटेने वर सरकली, याचा माग त्यात लागतो.

दुसरा आधार माध्वांचा. उत्तरादी मठाच्या आवारात अक्षोभ्यतीर्थ आणि त्यांचे शिष्य जयतीर्थ यांची वृंदावने (समाधिस्थळे) आहेत. जयतीर्थ म्हणजे टीकाचार्य, ‘न्यायसुधे’चे कर्ते, चौदाव्या शतकातले. पूर्वाश्रमीचे नाव धोंडोपंत, गाव मंगळवेढे. कथा अशी, की हा तरुण सरदारपुत्र घोड्यावरून नदी ओलांडताना खाली न उतरता, ओंजळही न करता, जनावरासारखे तोंड लावून पाणी प्यायला. काठावरच्या अक्षोभ्यतीर्थांनी ते पाहिले आणि याच मुलाची आपण वाट पाहत होतो हे ओळखले. मागल्या जन्मी तो मध्वाचार्यांचे ग्रंथ वाहणारा बैल होता, अशी कथेची जोड. जयतीर्थांचे वृंदावन मळखेडचे की आनेगुंदीच्या नववृंदावनातले, यावर मठामठांत वाद आहे, आणि तो मिटावा अशी कुणाची फारशी घाई दिसत नाही. आषाढ वद्य पंचमीच्या आराधनेला सोलापूर-पुण्याकडची माध्व घराणी मळखेडला जातात, तेव्हा गावात मराठी कानावर पडते. त्याच सुमारास कागिणा फुगली तर मठात पाणी शिरते. वृंदावन पाण्याखाली गेल्याची बातमी अधूनमधून येतेच. किल्ल्याजवळ दर्गा आहे, तिथला उरूसही भरतो. म्हणजे गाव जगते आहे. नुसत्या अवशेषांचे गाव म्हणून त्याची कीव करणारे लेख वाचले की त्या लेखकांनी आराधनेच्या दिवसांत एकदा तिथे मुक्कामाला जागा शोधून पाहावी, असे वाटते.

अवशेषांचा विषय निघालाच आहे तर एक परदेशी दाखला. मान्यखेट ऐन भरात होते त्याच सुमारास स्पेनमध्ये कोर्दोबाच्या बाहेर अब्दुर्रहमान तिसऱ्याने ९३६ च्या सुमारास मदीनत-अल-झहरा ही राजनगरी उभारायला घेतली. पाऊण शतकात यादवीत तीही लुटली गेली, दगड लोकांनी घरांना नेले, आणि नगरी शेताखाली गेली. तिथे १९११ पासून शास्त्रशुद्ध उत्खनन चालू आहे, अजून जेमतेम दहावा हिस्सा उघडा झाला आहे, आणि तेवढ्यावर २०१८ मध्ये तिला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. मळखेडचा किल्ला दुरुस्त झाला, पण तट-बुरूज दुरुस्त करणे आणि नगर शोधणे ही दोन कामे वेगळी. मान्यखेट किल्ल्याच्या आत मावणारे नव्हते. ते असलेच तर आजूबाजूच्या तुरीच्या शिवारात आहे.

आणि शिवाराला आता दुसरे गिऱ्हाईक आहे. वाडीहून सिकंदराबादकडे जाणारी निजामाची रेल्वे १८७४ मध्ये सुरू झाली आणि मळखेडच्या नावाला ‘रोड’ जोडून एक स्टेशन आले, गावापासून थोडे लांब. रेल्वे आली तशी फरशी मुंबई-पुण्याला पोचली. मग त्याच चुनखडीतून सिमेंट. शहाबादला सुरुवात झाली, पुढे वाडी, सेडम आणि ऐंशीच्या दशकात खुद्द मळखेडजवळ राजश्री सिमेंट, जे आता अल्ट्राटेकचे आहे. वरची काळी माती तूर देते, २०१९ मध्ये कलबुर्गीच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकनही मिळाले. खालचा दगड सिमेंट देतो. शेतकऱ्याला दोन्हींतून एकच निवडता येते. माती एकदा खरवडली की तूर संपली, आणि मातीत जुने काही असेल तर तेही. खाणपट्टा देण्याआधी नदीकाठच्या जमिनींची पुरातत्त्वाच्या दृष्टीने पाहणी व्हावी, ही मागणी भाबडी समजायचे कारण नाही.

राहिला मालकीचा वाद, जो आपल्याकडे आधी निघतो म्हणून मी मुद्दाम मागे ठेवला. ‘कविराजमार्गा’त कन्नडचा देश कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितला आहे, हे वाक्य सीमावादात त्या बाजूने हजार वेळा फेकले गेले. या बाजूने चिं. वि. वैद्यांनी राष्ट्रकूट मराठ्यांचे पूर्वज ठरवले होते. १९३४ मध्ये पुण्याहून राष्ट्रकूटांवरचा मोठा ग्रंथ काढणारे डॉ. अ. स. आळतेकर कोल्हापूरकडचे, मराठी माणूस. त्यांनी पुरावे चाळून या राजांची घरची भाषा कन्नड होती असा निर्वाळा दिला. तो आजही मोडलेला नाही. लातूर मूळ गाव, भाषा कन्नड, मंत्र्याच्या घरी अपभ्रंश, ताम्रपट संस्कृतात. १९५६ मध्ये जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले, उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात, भालकी, हुमनाबाद, बीदर म्हैसूरकडे, जहीराबाद, नारायणखेड आंध्रकडे. अमोघवर्षाच्या एका दिवसाच्या कारभारात हे तिन्ही तुकडे बसत होते. त्याला एका राज्याच्या सातबारावर चढवायला निघालेल्यांची दया येते.

जायचे असेल तर सोलापूर-वाडी मार्गाने कलबुर्गीला उतरावे. तिथून सेडमच्या एसटीने मळखेड चाळीसेक किलोमीटर. दिवाळीनंतर जावे, तेव्हा नदी उतरलेली असते आणि तूर फुलावर. सकाळी बसदी उघडी मिळते, मठात दुपारी तीर्थप्रसाद. किल्ला चढायला अर्धा तास पुरे. उरलेला वेळ सन्नतीला द्यावा, आणि दुसरा दिवस हाताशी असेल तर जयतीर्थांनी टीका लिहिल्या असे सांगतात त्या यरगोळच्या गुहेला. ती यादगीरच्या बाजूला आहे, म्हणजे दगड तिथे पुन्हा बदललेला असतो.